सार्वजनिक ग्रंथालयांच्या द्वारें विनामूल्य संदर्भसंग्रहांचा शोध

जुन्या दप्तरांतला एखादा कागद किंवा पोथी हातीं आली म्हणजे संशोधकाच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, ही वस्तु आपल्यापूर्वीं कोणी पाहिली आहे काय? लेखनकाल कोणता, अक्षर कोणाचें, मजकूर कितपत विश्वसनीय, हे प्रश्न पुढचे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर पुढचा सर्व खटाटोप व्यर्थ होतो; आणि आपल्या त्रैमासिकासारख्या पत्रांत 'अप्रकाशित' हें विशेषण एकदां छापून गेलें म्हणजे तें पुसून काढणें लेखकाच्या हातीं राहत नाहीं.

प्रस्तुत लेखकावरील असा एक प्रसंग थोडक्यांत टळला. एका स्नेह्यांच्या घरच्या रुमालांत पुणें दरबारीं असलेल्या इंग्रज वकिलाच्या एका पत्राची जुनी नक्कल सांपडली. मजकूर इंग्रजी, अक्षर नेटकें, तारीख स्पष्ट. तिजवर टिपण तयार केलें, मथळ्यांत 'अप्रकाशित' हा शब्दहि घातला. आणि तें टिपण धाडण्याच्या आदल्याच आठवड्यांत, भलतेंच कांहीं शोधीत असतां, तेंच पत्र एका जुन्या छापील पत्रसंग्रहांत शब्दशः मिळालें. तो छापील संग्रह इंटरनेटवर कोणासहि फुकट वाचतां येण्याजोगा होता व कित्येक वर्षांपासून होता. दोष त्या संग्रहाचा नव्हता, आमच्या शोधण्याच्या रीतीचा होता. त्यानंतरचीं दोन-तीन वर्षें ही रीत समजून घेण्यांत गेलीं. त्या खटपटींत सर्वांत उपयोगी पडलेली, आणि आपल्या सभासदांस सर्वांत कमी ठाऊक असलेली वाट सार्वजनिक ग्रंथालयांतून जाते, असें दिसून आलें. ती वाट येथें सांगावयाची आहे.

आधीं एका शब्दाविषयीं. इंग्रजी 'डेटाबेस' यास मराठींत अलीकडे 'विदागार' म्हणतात. संस्कृतांत 'विदा' म्हणजे ज्ञान. या संग्रहांत ज्ञान नसतें, माहिती असते. तिचें ज्ञान करणें हें वाचकाचें काम. म्हणून या लेखांत 'संदर्भसंग्रह' किंवा नुसता 'संग्रह' असा साधा शब्द योजिला आहे. असे संग्रह कांहीं केवळ सूचीरूप असतात, म्हणजे वस्तु कोठें आहे एवढेंच सांगतात. कांहींत पानांच्या प्रतिमा व मजकूरहि वाचावयास मिळतो. परंतु आपल्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. कांहीं संग्रह सर्व जगास मोकळे असतात. कांहीं मात्र मूल्य घेऊन दिलेले असतात, आणि तें मूल्य वाचकाच्या वतीनें त्याच्या गांवच्या ग्रंथालयानें भरलेलें असतें. दोहोंसहि लोक 'विनामूल्य' असेंच म्हणतात, आणि सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो.

या दुसऱ्या प्रकाराची व्यवस्था अशी असते. प्रकाशक आपला संग्रह ग्रंथालयास वार्षिक परवान्यानें देतो. परवान्याची रक्कम बहुधा त्या ग्रंथालयाच्या क्षेत्रांतील लोकसंख्येच्या मानानें ठरते, ग्रंथालय ती सार्वजनिक निधींतून भरतें, आणि त्या क्षेत्रांतील रहिवाश्यांस संग्रह खुला होतो. कार्ड देतांना ग्रंथपाल राहत्या घराचा पुरावा मागतात त्याचें कारण हेंच; त्यांत परकीयांविषयीं दुजाभाव नसतो. वाचक ग्रंथालयाच्या इमारतींत बसला असेल तर प्रकाशकाचें यंत्र त्या इमारतीच्या संगणकजालाचा पत्ता ओळखून दार उघडतें. वाचक घरीं असेल तर कार्डाचा क्रमांक व परवलीचा शब्द द्यावा लागतो. ग्रंथालयाचा संगणक मध्यें उभा राहून, हा आमचा वाचक आहे, अशी ग्वाही देतो. कित्येक परवाने केवळ इमारतीपुरतेच असतात. एकच संग्रह एका शहराच्या कार्डावर घरून उघडतो आणि शेजारच्या शहराच्या कार्डावर उघडत नाहीं, याचें कारण त्या त्या ग्रंथालयाच्या करारांत असतें.

यावरून शोधाचा पहिला नियम निघतो. संग्रहाचें नांव शोधयंत्रांत घालून थेट प्रकाशकाच्या दारीं जाऊं नये. तेथें पैशांची मागणी होते आणि वाचक निराश होऊन परततो. आधीं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जावें, तेथील संग्रहांची यादी काढावी आणि त्या यादींतील दुव्यावरूनच आंत शिरावें. ही यादी पुष्कळदां आडबाजूस असते. इंग्लंडांतील ग्रंथालयें तिला 'ऑनलाइन रेफरन्स' किंवा 'ई-रिसोर्सेस' म्हणतात; अमेरिकेंत 'डेटाबेसेस' अथवा 'रिसर्च' या मथळ्याखालीं अकारविल्हे यादी लाविलेली आढळते. कादंबऱ्या व बोलकीं पुस्तकें यांची जाहिरात पहिल्या पानावर असते आणि संशोधनाचे संग्रह तीन पायऱ्या खालीं असतात. ग्रंथालयांनींच आपलें धन असें पुरून ठेवावें हें नवल आहे, पण आहे खरें.

ब्रिटनची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण मराठ्यांच्या इतिहासाचे इंग्रजी कागद बहुतांशीं तिकडेच गेले. तेथें सन १८५० च्या कायद्यानें मोठ्या नगरांच्या संस्थांस ग्रंथालयासाठीं कर बसविण्याची मुभा मिळाली, आणि सन १९६४ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्स येथें ग्रंथालयसेवा चालविणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्यच ठरलें. या ग्रंथालयांपैकीं बहुतेकांच्या कार्डावर 'ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नॅशनल बायॉग्रफी' हा चरित्रकोश घरबसल्या उघडतो. सन २००४ मध्यें तो ६० छापील खंडांत व त्याच वेळीं इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ग्रँट डफ यांचीं चरित्रें त्यांत आहेत. चरित्राचा मजकूर आपल्या लोकांस बहुधा ठाऊक असतो. मोल आहे तें लेखाच्या अखेरीस. त्या गृहस्थाचे खासगी कागद कोणकोणत्या दप्तरखान्यांत आहेत, याची नोंद तेथें दिलेली असते. पेशवाईशीं संबंध आलेल्या कोणत्याहि इंग्रज अधिकाऱ्याचा माग काढावयाचा तर प्रारंभ या नोंदीपासून करावा. एल्फिन्स्टनचे कागद ब्रिटिश लायब्ररींत युरोपियन हस्तलिखितांच्या 'एफ् ८८' या संग्रहांत आहेत. एवढा एक क्रमांक हातीं असला तर महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

पुष्कळ ब्रिटिश ग्रंथालयें 'टाइम्स' पत्राचा जुना संग्रहहि देतात. हें पत्र सन १७८५ मध्यें दुसऱ्या नांवानें निघालें. म्हणजे सवाई माधवरावांच्या कारकीर्दीचीं अखेरचीं दहा वर्षें, खर्ड्याची लढाई, दुसऱ्या बाजीरावाची सर्व कारकीर्द, यांविषयीं लंडनांत काय छापलें गेलें तें त्यांत सांपडतें. त्याहून जुनीं वर्तमानपत्रें पाहावयाचीं तर 'बर्नी' संग्रह आहे. पण तो सर्वच ग्रंथालयांपाशीं नसतो. कंपनीच्या नोकरींतील माणसांचे बाप्तिस्मे, विवाह, मृत्यु व मृत्युपत्रें यांच्या इंडिया ऑफिसकडील नोंदी सन २०१४ पासून 'फाइंडमायपास्ट' या वंशावळींच्या व्यापारी संग्रहांत पाहावयास मिळूं लागल्या. तो संग्रह कित्येक ग्रंथालयांच्या इमारतींत फुकट वाचतां येतो. एखाद्या पोथीवर इंग्रजी मालकाचें नांव असेल आणि तो मनुष्य कोण हें समजत नसेल, तर अशा वेळीं या नोंदी फार उपयोगी पडतात.

अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं हें काम शहराकडून उचलून सबंध संस्थानानें केलेलें आहे. जॉर्जिया संस्थानांत सन १९९५ पासून 'गॅलिलिओ' या नांवाची योजना चालू आहे. तिच्यांत विद्यापीठें, शाळा व सार्वजनिक ग्रंथालयें यांस एकाच व्यवस्थेंतून संग्रह मिळतात, त्यामुळें खेड्यांतल्या ग्रंथालयाचा वाचकहि राजधानींतल्या वाचकाच्या पंक्तीस बसतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचें कार्ड त्या संस्थानांत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कोणासहि मिळतें. आणि तिच्या यादींत अमुक संग्रह घरून वाचतां येतो कीं इमारतींतच, हें प्रत्येकापुढें लिहिलेलें असतें. ही पद्धत सर्वांनीं उचलण्याजोगी आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे मूल्य देऊन घेतलेले संग्रह मात्र तेथें जाऊनच पाहावे लागतात. परंतु 'ग्रंथपालास विचारा' ही तिची सेवा जगांतील कोणासहि खुली आहे. प्रश्न मोजका व नेमका असला तर उत्तरहि तसेंच येतें. या ग्रंथालयाची दिल्लींतील कचेरी सन १९६२ पासून भारतीय पुस्तकें गोळा करीत आली आहे, त्यामुळें येथें छापलेल्या व येथेंच दुर्मिळ झालेल्या कित्येक मराठी पुस्तकांची नोंद तिकडे सांपडते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचें कार्ड त्या देशांतील प्रत्येक रहिवाश्यास मिळतें व त्यावर कित्येक संग्रह घरून उघडतात.

मुलांकडे सहा-सहा महिने राहावयास जाणारे आपले सभासद आतां थोडे नाहींत. त्यांनीं तिकडे पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांतच जवळच्या ग्रंथालयांत जाऊन चौकशी करावी. तात्पुरत्या पाहुण्यास कार्ड देण्याचे नियम गांवोगांव निराळे आहेत. पण कार्ड न मिळालें तरी इमारतींत बसून वाचण्यास बहुधा अडचण पडत नाहीं. जे येथेंच आहेत त्यांनीं तिकडील आप्तांची किंवा जुन्या विद्यार्थ्यांची मदत घ्यावी. मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. कार्डाचा क्रमांक मागूं नये. तें कार्ड ज्याच्या नांवाचें त्यानेंच वापरावें अशी अट असते, आणि दूरदेशींहून त्याचा उपयोग झाल्याचें आढळल्यास भोगावें लागतें तें त्या बिचाऱ्यास. क्रमांकाऐवजीं प्रश्न पाठवावा. 'एल्फिन्स्टनविषयीं मिळेल तें पाठव' असें लिहिल्यास इंजिनिअर असलेला विद्यार्थी गोंधळून जातो. 'एल्फिन्स्टनच्या चरित्रलेखाच्या अखेरीस कागदपत्रांची जी नोंद आहे ती उतरून पाठव' असें लिहिल्यास त्याच सायंकाळीं उत्तर येतें. प्रस्तुत लेखकाचा हा अनुभव आहे. वर्गांत ज्याला इतिहासाचा कंटाळा येई तोच आज उत्साहानें तारखा ताडून पाहतो, ही गोष्ट निराळी.

आतां ज्यांच्यापाशीं कोणतेंहि कार्ड नाहीं त्यांच्याविषयीं. सार्वजनिक ग्रंथालयांनीं स्वतःच्या खर्चानें तयार केलेले कांहीं संग्रह सर्वांस मोकळे आहेत. ऑस्ट्रेलियाचा 'ट्रोव्ह' हा त्यांतला अग्रगण्य. त्यांत जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर शब्दवार शोधतां येतो, आणि यंत्रानें चुकीचा वाचलेला मजकूर सामान्य वाचक स्वतः दुरुस्त करितात. सन १८५७ च्या बंडाच्या वार्ता तेथील पत्रांत पुष्कळ आहेत. सिंगापूरच्या ग्रंथालयमंडळाचा 'न्यूजपेपर एस्-जी' हा संग्रह असाच आहे; मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांपैकीं कांहीं त्या बाजूस नेले होते, त्यांचा अभ्यास करणारानें तो अवश्य चाळावा. एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हिंदुस्थानांतील रोगराई व औषधोपचार यांवरील सरकारी अहवाल सर्वांसाठीं खुले केले आहेत. प्लेगच्या सालांविषयीं लिहिणारास त्यांचा उपयोग होईल. नियतकालिकांच्या बाबतींत 'जेस्टोर' या संग्रहाची गोष्ट ठाऊक असावी. तो ग्रंथालयांस मूल्य घेऊन दिला जातो. परंतु एकाकी वाचकानें आपल्या नांवानें विनामूल्य खातें उघडल्यास ३० दिवसांत १०० लेखांपर्यंत वाचूं देतो. भांडारकर संस्थेचे 'अ‍ॅनल्स', डेक्कन कॉलेजचें 'बुलेटिन', इतिहास परिषदेचीं इतिवृत्तें यांचे जुने अंक त्यांत आहेत.

आपल्या घरची स्थिति कशी आहे? महाराष्ट्रांत सन १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याच्याहि आधीं सन १९४५ मध्यें कोल्हापूर संस्थानानें असा कायदा केला होता. सन १९६७ च्या कायद्यांत ग्रंथालय-कराची तरतूद नाहीं. शासनाच्या अनुदानावर सर्व कारभार चालतो. अनुदानांतून पगार, भाडें, वर्तमानपत्रें व थोडीं पुस्तकें भागलीं म्हणजे पुष्कळ झालें. हजारों ग्रंथालयें मिळून जॉर्जियासारखा एक परवाना घेण्याची व्यवस्था येथें उभी राहिलेली नाहीं. केंद्र सरकारनें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक व सुमारें १३,००० नियतकालिकें असा तिचा व्याप असून ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. योजना थोर आहे. पण सुरू झाली ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांच्यापुरती. निवृत्त शिक्षक, घरच्या पोथ्या सांभाळणारा गृहस्थ, तालुक्याच्या गांवीं एकटा बसून शिलालेख वाचणारा वकील, यांपैकीं कोणीहि त्या व्याख्येंत बसत नाहीं. मराठी इतिहाससंशोधन ज्यांच्या श्रमांवर उभें राहिलें ते बहुतेक असेच पदरमोड करणारे लोक होते, हें येथें नमूद करणें भाग आहे.

तथापि जें मोकळें आहे तेंहि आपण पुरतें वापरीत नाहीं. सन १८०४ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें 'ग्रंथसंजीवनी' या नांवानें आपलीं जुनीं पुस्तकें, सरकारी प्रकाशनें, नियतकालिकें व नकाशे यांच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आहेत. खडगपूरच्या संस्थेनें चालविलेलें 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' १९ जून २०१८ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. त्याची सूची अफाट आहे. मात्र सूचींत दिसणारें प्रत्येक पुस्तक तेथें उघडत नाहीं, कारण कित्येक नोंदी इतर संस्थांच्या बंद कपाटांकडे बोट दाखवितात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचें 'अभिलेख पटल' सन २०१५ पासून चालू असून परराष्ट्र व राजकीय खात्यांच्या फायलींची शोधसूची त्यांत आहे. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर महाराष्ट्र शासनानें इंटरनेटवर ठेविले आहेत.

संग्रह सांपडणें निराळें आणि त्यांत आपली वस्तु सांपडणें निराळें. आरंभीं सांगितलेली आमची चूक या दुसऱ्या ठिकाणीं झाली. यंत्रास अर्थ कळत नाहीं, अक्षरें कळतात. जुन्या इंग्रजी लेखकांनीं आपलीं नांवें कानास जशीं लागलीं तशीं लिहिलीं आहेत. 'मराठा' हें 'महरट्टा' असें लिहिलेलें असतें. 'पेशवा' याचीं तीन-चार रूपें आढळतात. नाना फडणीस 'फर्नवीस' होऊन बसतात आणि बाजीरावाच्या नांवांतला 'राव' इंग्रजी 'रो' होतो. आम्हीं आजच्या वर्णलेखनानें शोध केला होता. तें पत्र जुन्या वर्णलेखनांत निजून राहिलें होतें. म्हणून एखादें नांव शोधण्यापूर्वीं त्या काळच्या दोन-तीन छापील पुस्तकांतून त्याचीं सर्व रूपें टिपून घ्यावीं आणि एकेक रूप घालून पाहावें.

यांत आणखी एक खोंच आहे. अठराव्या शतकाच्या इंग्रजी छपाईंत 'एस्' हें अक्षर लांब दांड्याचें असे, व तें दिसण्यांत 'एफ्' सारखें असतें. यंत्र तें 'एफ्' असेंच वाचतें. त्यामुळें सन १८०० च्या पूर्वींच्या वर्तमानपत्रांत पेशव्यांचा शोध करितांना मधल्या 'एस्'च्या जागीं 'एफ्' घालूनहि पाहावें. हास्यास्पद वाटेल, पण फळ मिळतें.

मराठी पुस्तकांचीहि तीच कथा. जुन्या छापील पुस्तकांत 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'त्यामुळें' असे अनुस्वार असतात. आजच्या शाळेंत शिकलेला तरुण अनुस्वाराविना शब्द घालतो व पुस्तकांत कांहीं नाहीं असें समजून उठतो. दोन्ही रीतींनीं शोध केलाच पाहिजे. त्यांतून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेंत टिपलेल्या पुस्तकांचीं नांवें घाईनें व रोमन लिपींत उतरविलेलीं आहेत; 'इतिहास' शब्दाच्या अखेरीस कोणी एक स्वर जास्त लिहितो, कोणी लिहीत नाहीं, कोणी मधला आकार दुहेरी करितो. ग्रंथनामापेक्षां संपादकाचें आडनांव किंवा प्रकाशनवर्ष घालून शोधणें येथें अधिक फलद्रूप होतें. मोडींतील मजकूर प्रतिमारूपानें ठेविलेला असेल तर त्याच्या शब्दशोधावर भिस्त ठेवूं नये; तेथें आपले डोळे आणि सूचीकाराची नोंद एवढेंच साधन.

एका शोधाचा माग थोडक्यांत देतों. पुण्याचा इंग्रज वकील चार्लस मॅलेट याला आपल्या कागदांत 'मालिट' म्हटलें आहे. त्याच्या वकिलातीचा पत्रव्यवहार सरदेसाई यांनीं सन १९३६ मध्यें 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' मालेच्या दुसऱ्या खंडांत संपादित केला. तो 'इंटरनेट आर्काइव्ह' या मोकळ्या संग्रहांत मिळतो. तेथून मॅलेटच्या परिवारांतील चित्रकार जेम्स वेल्स याचें नांव हातीं येतें. वेल्सच्या नांवावरून अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्राची सूची उघडली तर तेथें मॅलेटच्या पदरीं असलेल्या गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कारागिराचीं रेखाचित्रें निघतात, आणि त्यांच्या प्रतिमा कोणासहि घेतां येतात. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें त्यांत आहेत. इंग्रजांच्या वकिलाचा शोध करितां करितां आपल्याच शहरांतल्या चित्रकारापर्यंत पोंचतां आलें, आणि त्यास एक पैसा पडला नाहीं. परंतु या मागांतली मधली एक पायरी, म्हणजे मॅलेटविषयीं लंडनच्या पत्रांत काय आलें ती, ब्रिटिश ग्रंथालयाच्या कार्डावांचून चढतां आली नाहीं. ती एका जुन्या विद्यार्थ्यानें चढून दिली.

शेवटीं टिपणें ठेवण्याविषयीं सांगावयाचें. संकेतस्थळाचा पत्ता लिहून ठेवला म्हणजे आधार दिला, असा समज पसरला आहे. वर सांगितलेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चें मूळ संकेतस्थळ सन २०१६-१७ च्या सुमारास बंद पडलें; त्यांतील पुष्कळ पुस्तकें कांहीं लोकांनीं 'इंटरनेट आर्काइव्ह'मध्यें उतरवून ठेविलीं होतीं म्हणून वांचलीं, पण जुने पत्ते सर्व निरुपयोगी झाले. ऑक्टोबर २०२३ मध्यें ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला. मुख्य सूचीचें कामचलाऊ रूप जानेवारी २०२४ मध्यें परत आलें. हस्तलिखितांच्या प्रतिमा मात्र त्यानंतरहि दीर्घकाळ दिसेनाशा झालेल्या होत्या. तेव्हां टिपणांत प्रथम मूळ वस्तूचा दप्तरक्रमांक, पत्रसंख्या व तारीख लिहावी. मग ज्या संग्रहांत ती पाहिली त्याचें नांव. आणि पाहिल्याचा दिवस. ज्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे, म्हणजे भारतीय कायद्याप्रमाणें ज्यांच्या लेखकास दिवंगत होऊन ६० वर्षें उलटलीं आहेत, अशा ग्रंथांची प्रत मिळतांच आपल्यापाशीं उतरवून ठेवावी.

ब्लुमहार्ट यानें केलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व इतर भाषांच्या हस्तलिखितांची सूची सन १९०५ ची, आणि त्यानें व कान्हेरे यांनीं केलेली इंडिया ऑफिसकडील मराठी हस्तलिखितांची सूची सन १९५० ची आहे. लंडनची यांत्रिक सूची बंद असतां त्या महिन्यांत प्रस्तुत लेखकास एका बखरीच्या प्रतीचा क्रमांक हवा होता. तो पहिल्या सूचीच्या पूर्वींच उतरवून ठेवलेल्या प्रतींत मिळाला.